तिरपी रेघ आणि फूटपट्टी

आमच्या इचोड्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या कुसुमबाईंचा फळ्यापेक्षा अंगणावर जास्त भरवसा. मुलींना घरी बोलावून त्या ठिपक्यांच्या रांगोळीतून सापेक्षता शिकवायच्या. एक ठिपका वर म्हणजे एक वर्ष. एक ठिपका बाजूला म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो तेवढं अंतर. समजा, दोघी जुळ्या बहिणी. घरी बसलेलीची रेघ सरळ वर, दहा ठिपके. अवकाशात जाऊन येणारीची तिरपी: पाच वर जाताना तीन बाजूला, मग आणखी पाच वर जाताना तीन परत.

राजकुमार सरांनी त्या रांगोळीचा फोटो काढला, तक्ता छापून घेतला आणि स्वतःची पद्धत म्हणून संस्थाचालकांना दाखवला. आयत्या बिळावर नागोबा! बारावीचा वर्ग त्यांना मिळाला, बाईंना संस्थेच्या शाळेतलं आठवीचं गणित. मी तिथेच रसायनशास्त्र शिकवतो. माझं डोकंच फिरलं. बाई मात्र हसल्या.

"फोटोत वजाबाकी कुठं आली? तो माणूस रेघेले फूटपट्टी लावन, पाहा तुमी. चार लोकांत लावू द्या त्याले."

सालभर त्यांनी तोंड उघडलं नाही. मीही नाही. खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

विज्ञान प्रदर्शनाला पालक आले, संस्थाचालक आले. बाई तक्त्यापुढे उभ्या राहिल्या. "सर, भेटल्या तवा कोन्या बहिणीचं वय जास्त?"

सरांनी मयूरीला, वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला, पुढे केलं. तिनं पट्टी लावली. "तिरपी रेघ लांब. म्हणून जाऊन आलेलीचं."

"बरोबर!" सर म्हणाले.

"साफ चूक. ही रेघ पट्टीनं मोजत नाई. पाचाचा वर्ग पंचवीस, तिनाचा नऊ. वजा करा, सोळा. वर्गमूळ चार. जाताना चार वर्षं, येताना चार. घरच्या बहिणीची दहा गेली, हिची आठच. सालभर काय शिकवलं, सर?"

सरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. बारावीचा वर्ग तिथल्या तिथे बाईंना परत मिळाला.

गर्दी पांगली तरी मयूरी हलेना. तिचे डोळे भरले होते.

"मॅडम, सर आमाले चुकीचं शिकवून राह्यले, हे तुमाले माईत होतं?"

"होतं."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.