करवत आत्या

आत्याच्या दुकानात आलेला माणूस हवी ती वस्तू घेऊन जायचा, पण हसत जायचा नाही. लोणावळ्याच्या बाजारात तिला सगळे करवत म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. एखाद्या नवख्यानं चुकून "करवत आत्या आहेत का?" असं विचारलं, की ती आतून ओरडायची, "हाय की! काय कापायचंय? नाक?"

दुकान खिडक्यांच्या सामानाचं. आमच्याकडच्या बंगल्यांना आणि सोसायट्यांना आता लाकडी खिडक्या राहिल्या नाहीत, सगळीकडे प्लास्टिकच्या पांढऱ्या चौकटी. चौकट कुजत नाही, पण तिचं हँडल धातूचं असतं. इथल्या धुक्यात ते आतून गंजतं, जाम होतं, मग कोणीतरी वैतागून जोर लावतं आणि ते मोडून हातात येतं. असं मोडकं हँडल घेऊन लोक आत्याकडे येत. मी तिच्या भावाची मुलगी. तळेगावला ज्या ऑफिसात नोकरी करत होते ते बंद पडलं, तेव्हा वडिलांनी मला तिच्याकडे पाठवलं. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "तू हुशार म्हनून ठेवली न्हाई. तुझ्या बापानं हात जोडले म्हनून ठेवली. ध्यानात असू दे."

तिचा सगळ्यात जास्त राग मोबाइलमधल्या फोटोवर. हँडलच्या पाठीमागे एक चौकोनी दांडी असते, तिला स्पिंडल म्हणतात. ती चौकटीतल्या कुलपाच्या भोकात बसते. दांडी लांब पडली तर हँडल चौकटीला टेकत नाही, आखूड पडली तर नुसतंच गरगर फिरतं. दोन स्क्रूंमधलं अंतरही जुळावं लागतं. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. तरी लोक फोटो घेऊन यायचे. एकदा नुकतंच लग्न झालेला एक मुलगा असाच मोबाइल पुढे करून उभा राहिला. आत्या म्हणाली, "बायको बी फोटोवरच पसंत केली का? मग आता रडत असशील." दुकानातले सगळे हसले. तो बिचारा घरी जाऊन मोडकं हँडल घेऊन आला, तेव्हा त्याची बायकोही बरोबर होती. आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याला म्हणाली, "न्हाई रे, तुझं बरं झालंय. वाटोळं हिचं झालं."

पुण्याच्या एका बाईंना बंगल्यासाठी सोनेरी हँडलं हवी होती. आत्यानं समजावलं की इथल्या हवेत सोनेरी मुलामा टिकत नाही, पांढरं घ्या, नाहीतर स्टीलचं घ्या. बाई हट्टाला पेटल्या. आत्या म्हणाली, "पैसा दावायचा हाय ना? मग खिडकीला नोटाच चिकटवा. त्या बी हिरव्या, आन् हे बी चार महिन्यांत हिरवंच हुनार हाय." बाई रडकुंडीला येऊन गेल्या.

आणि तरी लोक येत. कारण तिनं दिलेलं हँडल बसायचंच, आणि ती स्वतः जाऊन बसवून द्यायची. पन्नाशी उलटलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली ही बाई स्कूटीवरून भुशीपासून कार्ल्यापर्यंत हिंडायची. खिडकी आधी नीट बंद करायची, जुन्या हँडलची टोपी बाजूला सरकवून आतले गंजलेले स्क्रू तेल सोडून हळूहळू काढायची, नवं लावल्यावर घरातल्या माणसाला चार वेळा उघडायला आणि मिटायला लावायची. त्या वेळी तिचा हात इतका हलका असायचा की मला वाटे, या बाईचं तोंड आणि हात दोन वेगळ्या माणसांचे आहेत.

स्वतःच्या माणसांनाही तिनं सोडलं नाही. तिचे यजमान वारले तेव्हा मी लहान होते, पण ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बायका गळ्यात पडून रडायला लागल्या, तेव्हा ही म्हणाली, "जलमभर कुटं वेळेवर गेला न्हाई. हितं तेवढी घाई केली." मला बघायला आलेल्या मुलानं नकार कळवला, त्या दिवशी मी दुकानात डोळे पुसत बसले होते. ती माझ्यापुढे चहा ठेवून म्हणाली, "तुला बघून गेला म्हनून रडतीस का, न बघता गेला असता तर बरं झालं असतं म्हनून?" मी चिडून चहा तसाच ठेवला. तो तिनं पिऊन टाकला.

तिचा एक खेळ होता, आणि बाजारात तो प्रसिद्ध होता. मोडकं हँडल हातात घेऊन ती ते कसं मोडलं हे सांगायची. "ह्याला पोरगं लोंबकळलं." "हे माकडानं उपटलं." "ह्याच्यावर वल्ले कपडे वाळत घालत हुता ना?" बहुतेक वेळा बरोबर निघायचं. शेजारचे दुकानदार ऐकायला येऊन उभे राहत.

अशाच एका दुपारी मेघनाबाई आल्या. तिशीतल्या असतील. गावातल्या एका शाळेत त्या शिक्षिका होत्या, त्यामुळे अर्धा बाजार त्यांना ओळखायचा. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यातल्या एकीची मुलगी त्यांच्याच वर्गात. बाईंनी पर्समधून हँडल काढून दिलं. ते मानेपाशी तुटलं होतं आणि चौकटीच्या बाजूला दबलं होतं. आत्यानं ते उलटंसुलटं केलं.

"फिरवताना तुटलं," बाई म्हणाल्या.

"फिरवताना अस्सं दबत न्हाई," आत्या म्हणाली. "ह्याच्यावर मानूस आदळलंय. पाठ लागली का डोकं?"

कोणी हसलं नाही. मेघनाबाईंनी ओढणी सावरली आणि काही न घेता पायऱ्या उतरल्या. ज्या बाईची मुलगी त्यांच्या वर्गात होती, ती आमच्याकडे पाहून हळूच म्हणाली, "अगंबाई, तरीच!" संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बाजारात पसरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान आले. गोरे, गोड बोलणारे गृहस्थ. गावात चार ठिकाणी देणग्या देणारे, कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणारे. त्यांनी आत्याला नमस्कार केला. "आत्या, आमच्या सगळ्या खिडक्यांना कुलपाची हँडलं बसवा. चावीवाली. माकडांचा फार त्रास आहे."

आत्या म्हणाली, "माकडं भाईरनं आत येत्यात, का आतली भाईर जात्यात?"

ते नुसते हसले. "आज जमेल ना? आणि तुम्हीच या. तुमच्यासारखं कोणी बसवत नाही म्हणतात."

ते गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, आपण नाही म्हणू या."

"मी न्हाई म्हनले तर दुसरा कुनी बसवील," ती म्हणाली. "चल."

बंगला तुंगार्लीच्या बाजूला होता, बैठा, चारी बाजूंनी बाग. मेघनाबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. आत्यानं एकेक खिडकी बंद करून जुनं हँडल काढलं, नवं बसवलं, किल्ली फिरवून पाहिली. त्या दिवशी ती एक अक्षर बोलली नाही. यजमान प्रत्येक खिडकीपाशी उभे राहत आणि किल्ली मागून घेत. एका कंपनीच्या सगळ्या हँडलांना एकच किल्ली चालते, हे त्यांना माहीत नसावं. शेवटी त्यांचा फोन वाजला आणि ते व्हरांड्यात गेले. आत्या हात धुवायला स्वयंपाकघरात गेली. मी दारातून पाहत होते. तिनं कमरेचा बटवा सोडून दुकानातून आणलेली एक जादा किल्ली काढली आणि मेघनाबाईंच्या हातात दाबली.

"पिठाच्या डब्यात ठेव," ती म्हणाली. "सगळ्या खिडक्यांना लागते."

बाईंची मूठ मिटली. मान मात्र वर झाली नाही.

परत येताना वळणावर आत्यानं स्कूटी थांबवली आणि पाणी प्यायली. मी विचारलं, "तुला हँडलवरून कसं कळलं?"

"आमच्या घरात खिडकीला लाकडाची खिट्टी हुती," ती म्हणाली. "माझ्या आयची पाठ तिच्यावर आदळायची. तुझा आज्जा काय देवमानूस हुता व्हय? तुमी फोटोला हार घालताय म्हनून?"

आमच्या घरी आजोबांचा फोटो आहे आणि रोज त्याला हार असतो. मी तोपर्यंत त्यांच्याबद्दल एक वाईट शब्द ऐकला नव्हता. ती असं सांगून मोकळी झाली, स्कूटीला किक मारली आणि म्हणाली, "बस. का चालत येतीस?"

पुढच्या आठवड्यात भर बाजाराच्या वेळी मेघनाबाई दुकानात आल्या. रस्त्यापलीकडे गाडीत यजमान काच खाली करून बसले होते. बाईंनी ती किल्ली काउंटरवर आपटली. त्यांच्या डाव्या हाताला पट्टी होती आणि तो हात त्यांनी ओढणीखाली धरला होता.

"ही माझ्या घरात चोरून किल्ली ठेवून गेली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लोकांच्या घरात घुसून चोऱ्यांची सोय करते ही बाई. परवा मला नाही नाही ते बोलली. हिला स्वतःचा संसार करता आला नाही, म्हणून दुसऱ्यांचे मोडायला निघालीय."

आजूबाजूचे दुकानदार पायरीशी जमले. सगळ्यांचे डोळे आत्याकडे. आता करवत चालणार, या आशेनं लोक उभे होते. मीही. तिच्याकडे सांगण्यासारखं काय काय होतं ते मला माहीत होतं, आणि तिच्या एका वाक्यात त्या गाडीतल्या माणसाची काच वर गेली असती.

आत्यानं हात जोडले. "चुकलं माझं, बाई," ती म्हणाली. "माफ करा."

 मेघनाबाई वळल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. यजमानांनी आतून दार उघडून धरलं होतं.

लोक पांगले. मी रडायला लागले. आत्या किल्ली उचलून डब्यात टाकत म्हणाली, "गप. तिला त्याच्यादेखत जिंकायचं हुतं. जिंकू दिलं. आज रात्री बरी झोपंल."

त्या जिंकू देण्यानं आमचं दुकान गेलं. यजमानांनी ते प्रकरण तिथंच सोडलं नाही. जिथं जातील तिथं ते अगदी हळहळून सांगत, की बिचाऱ्या आत्या, वय झालं, पण लोकांच्या घराच्या किल्ल्या ठेवून घेतात. बंगलेवाल्यांनी बोलावणं बंद केलं. सोसायट्यांनी दुसऱ्या दुकानातून माल घेतला. जे दुकानदार तिचा खेळ पाहायला यायचे, ते आता रस्त्यापलीकडून जायचे. एकानं तर मोडकं हँडल आणून, "ओळखा बघू, हे कुणी मोडलं?" असं विचारून टवाळी केली. तिनं ते हातातही घेतलं नाही. "मापाचं नवं हाय," म्हणाली. "बसवून हवं असंल तर सांगा."

दुकान रिकामं करून ती गावी, माझ्या वडिलांकडे राहायला आली. ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला टोचत राहायची, पण त्यात पूर्वीची धार नव्हती. लोक हसायचे आणि निघून जायचे. थंडीच्या दिवसांत तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही मायेचं बोलेल. ती म्हणाली, "लय रडू नको. रडताना तुझं तोंड तुझ्या आज्यावानी दिसतं." त्याच रात्री ती गेली.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तळेगावच्या फलाटावर मला मेघनाबाई भेटल्या. मी ओळखलं नव्हतं, त्यांनीच हाक मारली. केस कापलेले, खांद्याला मोठी पिशवी. तळेगावात आईकडे राहतात आणि तिथल्याच शाळेत शिकवतात, असं त्यांनी सांगितलं. "एक दिवस शाळेला म्हणून निघाले आणि परत गेले नाही. इतकं सोपं होतं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आत्या कशा आहेत?"

"गेल्या," मी म्हटलं.

 मला वाटलं, आता त्या किल्लीबद्दल काही म्हणतील. निदान माफी मागतील. मला ती ऐकायची होती, आत्याच्या वतीनं.

"मी वाईट वाटून घेणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी किल्ली दिली हे खरं. नवऱ्यानं ती पिठाच्या डब्यात शोधून काढली आणि खिडकीत माझी बोटं चिरडली, हेही खरं. पण त्या दिवशी चार बायकांसमोर त्या तसं बोलल्या नसत्या, तर त्यानं कुलपं लावलीच नसती. गंमत म्हणून बोलल्या ना त्या? लोकांना हसवायला?"

गाडी आली. त्या बायकांच्या डब्याकडे गेल्या आणि मी मागे राहिले. आत्याची बाजू घेणारी दहा वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती, आणि बोलायला मी तिच्याकडूनच शिकले आहे. पण त्यातलं एकही मला म्हणता आलं नाही. बाई खरं बोलत होत्या.