वाकळ कुणाच्या हातची

चाळीस वर्षं मी कोल्हापुरात दुकानांचे बोर्ड रंगवले. त्यामुळं जाहिरातीबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि कुणी विचारली नाहीत तरी मी ती सांगतो. अक्षर हातानं काढलेलं असावं, लांबून वाचता यावं आणि दुकानात नसलेला माल बोर्डावर नसावा. फ्लेक्स आले आणि माझा धंदा बसला. तेव्हापासून मोबाईलवर स्वतःचं कौतुक करत बसणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग आहे. एवढं सांगून झाल्यावर हेही सांगतो, की आमच्या उचगावातल्या दीप्ती कांबळेसारखी जाहिरात करणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

दीप्ती आमच्या मागच्या गल्लीत राहते. नवरा गोकुळ-शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यात, मुलगी शाळेत. राजारामपुरीतल्या एका ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बिलं टाईप करायची. ते ऑफिस पुण्याला हललं आणि हिची नोकरी गेली. घरी बसून काय करायचं, म्हणून तिनं सासूच्या वाकळा विकायच्या ठरवल्या. जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून, हातानं दाट टाके घालत शिवलेलं पांघरूण म्हणजे आमच्याकडची वाकळ. सासू तानूबाई डावखुऱ्या, आणि त्यांचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ. गावात त्यांच्या वाकळेचं नाव होतं, पण ते गावापुरतंच.

दीप्तीनं ब्लॉग काढला, 'तानूबाईची वाकळ'. पहिले चार महिने तो तिघांनी वाचला. ती स्वतः, तिची बहीण प्रीती आणि मी. मी वाचायचो ते चुका काढायला. तिनं लिहिलं होतं, 'आपल्या घराला द्या परंपरेच्या उबेचा स्पर्श.'

"तुझ्या घरात असं कोण बोलतं गं?" मी विचारलं.

"मामा, सगळे असंच लिवत्यात की."

"म्हणून तर कोण वाचत न्हाय."

माझं ऐकून नव्हे, तर कंटाळून, तिनं एक दिवस सासूच्या तोंडचं जसंच्या तसं लिहून टाकलं. कुणीतरी वाकळेसाठी घडी न मोडलेली साडी आणली होती आणि तानूबाईंनी त्यांना झापलं होतं. 'नवी साडी आणू नका. वाकळंला नेसून मऊ झाल्याली साडी लागती. नवंच पायजे तर दुकानात जावा, हितं कशाला आलाय?' गिऱ्हाइकाला हाकलून लावणारी जाहिरात मी जन्मात पहिल्यांदा वाचली. त्या आठवड्यात सोळा जणांनी साड्या कुठं पाठवायच्या ते विचारलं.

मग तिला वाट सापडली. साड्या पाठवणाऱ्याला ती विचारायची, ह्या कोण नेसत होतं? जे उत्तर येईल त्यावर लिहायची. हातकणंगल्याच्या एका नर्सबाईंच्या बावीस पांढऱ्या साड्या आल्या होत्या. त्यांची पांढरीशुभ्र वाकळ आणि त्या बाईंनी केलेल्या बाळंतपणांची हकिकत, हे लोकांनी कुठं कुठं पाठवलं. दर बुधवारी पोस्ट म्हणजे दर बुधवारी पोस्ट. मुलीला ताप असला तरी एका हातानं पट्टी ठेवत दुसऱ्या हातानं टाईप करायची. फोटो गच्चीवर, सकाळी दहाच्या उन्हात. प्रत्येक कमेंटला उत्तर, खवचट माणसालाही. आणि फोटोत स्वतः कधीच नाही, फक्त सासूचे हात. मी तर प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात माझं नाव ठोकून द्यायचो.

दुसऱ्या वर्षी तानूबाईंची बोटं सुजायला लागली. डॉक्टरांनी सुई बंद करायला सांगितली, आणि इकडं साड्यांची गाठोडी तर येतच होती. दीप्तीनं गल्लीतल्या सात बायका जमवल्या. त्यात मेहरुन्निसा सगळ्यांत थोरली. साठीची, अबोल बाई. उभा जन्म तिनं एका गादीवाल्याच्या दुकानासाठी रजया शिवल्या होत्या. कामाला कुणाचीच खोट काढता येत नव्हती. फक्त ब्लॉगवर नावाखाली एक ओळ होती, 'प्रत्येक टाका तानूबाईंच्या हातचा', ती तशीच राहिली.

"मामा, ती ओळ काढू काय?" दीप्तीनं मला विचारलं होतं.

मी शहाणा. म्हटलं, "माझ्या बोर्डावर रंग कामगार भरायचे, खाली नाव 'उदय आर्ट्स'च असायचं. ऱ्हाऊ दे."

ह्या चुकीत माझा वाटा आहे. तिनं तो कधी बोलून दाखवला नाही, म्हणून मी लिहितो आहे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर ब्लॉगखाली सगळ्यांना दिसेल अशी एक कमेंट आली. लिहिणाऱ्या होत्या कोडोलीच्या संयोगिता पाटील. आईच्या साड्यांची एक वाकळ त्यांनी पहिल्या वर्षी करून घेतली होती. आई गेल्यावर उरलेल्या साड्यांची दुसरी. त्यांनी लिहिलं होतं, 'दोन्ही शेजारी अंथरल्या. पहिलीत टाक्यांची फेरी एका बाजूनं वळते, दुसरीत बरोबर उलटी. तानूबाई डावखुऱ्या आहेत हे तुम्हीच लिहिलं होतं. मग ही कुणी शिवली? माझ्या आईच्या साड्या कुणाच्या हातात दिल्या तुम्ही?'

दीप्ती मोबाईल घेऊन माझ्याकडं आली. सगळा धंदा त्या एका ओळीच्या भरवशावर उभा होता, आणि ती ओळ खोटी होती. मी सुचवलं, "लिही की, आजारपणामुळं तानूबाई आता उजव्या हातानं शिवत्यात."

"मामा, तुमी गप बसा," ती म्हणाली. मला असं ती पहिल्यांदाच बोलली.

ती सातही घरी गेली आणि फोटो दाखवून विचारलं, ही कुणी शिवलीय? तक्रार आलीय हे कळल्यावर कोण कबूल होतंय? प्रत्येकीनं सांगितलं, माझी न्हवं. मेहरुन्निसानंसुद्धा. परत येऊन दीप्ती माझ्या पायरीवर बसली. साडी कोण नेसत होतं, हे तिनं प्रत्येक वेळी विचारून लिहून ठेवलं होतं. वाकळ कुणी शिवली, हे एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी सासूला घेऊन ती एसटीनं कोडोलीला गेली. मीही गेलो, जीव राहवेना म्हणून. संयोगिताबाई रागात होत्या, तरी चहा ठेवला. दोन्ही वाकळा बाहेरच्या खोलीत, सोप्यात अंथरल्या. तानूबाईंनी सुजलेली बोटं दुसऱ्या वाकळेच्या कडेनं फिरवली, कोपऱ्याशी थांबल्या.

"ह्यो मेहरुन्निसाचा हात," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावर दोन टाकं माघारी घेती ती. मला कवा जमलं न्हाय ते. माझ्या वाकळंचं कोपरं आधी उसवत्यात, बघा."

आम्ही बघितलं. पहिल्या वाकळेचा एक कोपरा खरंच सुटायला लागला होता.

"ताई, माझं चुकलं," दीप्ती म्हणाली. "आत्तींची बोटं चालत न्हाईत आता. मी लपवलं. तुमाला नको असंल तर उसवून साड्या जशाच्या तशा आणून देते."

"उसवू नका," एवढंच बाई म्हणाल्या आणि वाकळांच्या घड्या घालायला लागल्या.

त्या संध्याकाळी दीप्तीनं लिहिलं. 'गेले नऊ महिने आत्तींनी एकही वाकळ शिवलेली नाही. मी तुम्हाला तसं सांगितलं नाही. आणि शिवली कुणी, असं विचारल्यावर मला सांगता आलं नाही, त्याची मला जास्त लाज वाटते.' खाली सात जणींची नावं. मग सासूला शेजारी बसवून, जुने फोटो मोठे करकरून, कुठली वाकळ कुणाची ते तिनं लावत नेलं. जिथं सासूलाही ओळखेना तिथं 'माहीत नाही' असं लिहिलं. मेहरुन्निसाच्या नावावर अकरा वाकळा निघाल्या.

व्हायचं तेच झालं. निम्म्या लोकांनी साड्या परत मागवल्या. दिवाळीत गच्ची मोकळी होती. मेहरुन्निसाचं नाव वाचून काहींनी जे लिहिलं ते मी इथं लिहिणार नाही. दीप्तीनं ते पुसलं आणि नाव ठेवलं.

एक दिवस मेहरुन्निसा स्वतः दारात आली. "माझं नाव काढ, पोरी. माझ्यापायी तुजा धंदा बुडाया लागलाय."

"भाभी, नाव ऱ्हाणार," दीप्ती म्हणाली. "धंद्याचं बघू."

तिची परिस्थिती मला माहीत होती. नवऱ्याचा ओव्हरटाईम बंद झालेला, सात बायका रोज कामाचं विचारायला येत होत्या. तरी दर बुधवारी ती लिहीतच होती. असल्या वेळी मी काय केलं असतं हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून मी या पोरीला मानतो.

जानेवारीत कोडोलीहून पार्सल आलं. आत आठ साड्या आणि एक चिठ्ठी. ती घेऊन दीप्ती थेट मेहरुन्निसाच्या घरी गेली, मीही मागनं गेलो. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'आईच्या साड्या संपल्या. ह्या माझ्या आहेत. मी अजून धडधाकट आहे, पण माझ्या माघारी कुणी कुणाकडं देण्यापेक्षा मीच देते. वाकळ मेहरुन्निसा यांच्याच हातची हवी. उशीर झाला तरी चालेल. संयोगिता पाटील.'

मेहरुन्निसानं ते परत एकदा वाचायला लावलं.

"माझंच नाव लिवलंय?"

"व्हय भाभी, तुमचंच."

ती उठली. मोरीत जाऊन हात धुतले, पदराला कोरडे केले. मग वरची साडी मांडीवर घेतली आणि ती कुठं विरली आहे ते उजेडाकडं धरून बघायला लागली.