पाझर तलावावरची निजलेली लेकरं

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण कुणी आठवण विचारली की मला आधी पाझर तलावावरची ती केस आठवते. तेव्हा मी अंबड तालुक्यात फौजदार होतो.

वडीगोद्रीच्या बाजूला रोजगार हमीवर तलावाचं काम चालू होतं. आमचा एक बातमीदार तिथेच चहाची टपरी चालवायचा. एरवी दारू-जुगाराची खबर आणणारा हा गडी त्या दिवशी म्हणाला, "साहेब, तलावावरची लेकरं दिसभर झोपून राह्यलीत. एक बी रडत न्हाई. मला हे बराबर वाटून न्हाई राह्यलं."

हवालदार हसले. मी जीप काढायला लावली.

बाभळीखाली लुगड्यांच्या झोळ्यांत लेकरं निजली होती. तोंडावर माशा, तरी एकही हलत नव्हतं. एका मुलीचा तर श्वासही पुरता चालत नव्हता. तिला आणि तिच्या आईला जीपमध्ये घालून सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि एकच शब्द उच्चारला, अफू.

मुलगी वाचेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते. व्हरांड्यातच मी आईचा जबाब घ्यायला बसलो. लेकरांना अफूची गोळी कोण देतं ते ती सांगेना. दरडावलं, गोडीत विचारलं. गुन्हा लपवणारा माणूस बहुधा बडबडतो. ही नुसती पोरगी ठेवलेल्या खोलीच्या दाराकडे बघत होती. शेवटी मी प्रश्नच बदलला. "गोळी बंद केली तर काय होईल?"

"लेकरू रडंल. पाजायला उठले की मुकादम हजेरी कापतो. मंग खावं काय? तुमी सांभाळता का माझी पोरगी?"

कामावर लेकरांसाठी सावली आणि सरकारी मजुरीवर एक सांभाळणारी बाई, ही सोय नियमातच होती. देत कुणी नव्हतं. तसाच तहसील कचेरीत गेलो. तहसीलदार म्हणाले, "बघू पुढच्या आठवड्यात."

"मग आज पोरगी दगावली तर पंचनाम्यात काय लिहू, तेवढं सांगा," म्हणून मी समोरच बसून राहिलो. मंजुरी घेऊनच उठलो. संध्याकाळी मुलीने डोळे उघडले, तेव्हा माझ्याही जिवात जीव आला.

तलावावर छप्पर उभं राहिलं तशा बाया बोलायला लागल्या. गोळ्या त्यांच्यातलीच एक म्हातारी द्यायची. ती स्वतःहून पुढे आली, पदराची गाठ सोडून उरलेली अफू माझ्यासमोर ठेवली आणि माल देणाऱ्या दुकानदाराचं नाव सांगितलं. आम्ही छापा घातला. माल सापडला, पुढे त्याला शिक्षाही झाली. म्हातारीला साक्षीदार केलं.

लेकरं सांभाळायला कुणाला ठेवायचं, असं विचारलं तर बायांनी तिचंच नाव घेतलं. माझा पारा चढला. "अफू चाटवणारीला?"

"साहेब, तिला गोळीचे पैसे भेटायचे म्हनून ती गोळी द्यायची," त्या मुलीचीच आई म्हणाली. "आता सांभाळायचे देऊन बघा." आणि कडेवरची पोर म्हातारीच्या मांडीवर ठेवून तिने घमेलं उचललं.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दर आठवड्याला लेकरं तपासायची, या अटीवर मी मान्य केलं. काम संपेपर्यंत एकाही लेकराला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं नाही.

दुकानदाराला आत टाकल्याचा मला अभिमान आहे. पण नुसता तोच आत गेला असता, तर त्याच्या जागी दुसरा उभा राहिला असता. पुढे जाफराबादला बदली झाली. तिथे रोजगार हमीच्या कामावर गेलो की अफू कोण विकतं हे मी नंतर विचारायचो. लेकरं कोण सांभाळतं, हे आधी.