फोटोतला माणूस

साहेबांनी मॉनिटर माझ्याकडे फिरवला. पडद्यावर आम्हा आदिवासींच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवातला फोटो. उघड्या अंगाचा, डोळे मिटून घुमणारा माणूस.

"तुमचं नाव टाकलं, तर हे प्रोफाइल निघालं," साहेब म्हणाले. "तुमच्या अंगात पण येतं का? रिसेप्शनवर आलं तर आमचे गेस्ट पळून जातील."

शेजारच्या मॅडम खो खो हसल्या. तोवर मुलाखतीत माझ्या इंग्रजीचं कौतुक चाललं होतं. नाशिकमधलं बडं हॉटेल. मी सुरगाण्याच्या डोंगरातली, नुकतीच बी.कॉम. झालेली. नोकरी हुकली तर पुन्हा आईबरोबर दुसऱ्याच्या द्राक्षबागेत छाटणी.

"कोण हा?"

"गावातलं कुणीतरी," मी म्हणाले.

तो माझा बाप होता.

"फोटो काढून टाका. उद्या दहाला जॉइन व्हा."

मी "थँक्यू सर" म्हणाले. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तशीच कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गेले. फोटो उघडला. मी परीक्षेत पास व्हावं म्हणून बापानं देवाला नवस केला होता. मी पास झाले आणि उपास धरून, अनवाणी पायांनी तो नाचला. तो हा फोटो. मीच हौसेनं टाकलेला. काढायचं बटण दाबलं, तर मशीननं विचारलं, नक्की काढायचा का? साहेबांनी तेवढंही विचारलं नव्हतं.

राग आला. आधी माझाच, मग त्यांचा. त्यांच्या टेबलामागे हार घातलेला गणपती होता. त्यांचा देव ऑफिसात चालतो, आमचा फोटोतसुद्धा नको!

फोटो ठेवला. खाली लिहिलं, हे माझे वडील.

दुसऱ्या दिवशी दहाला हजर झाले.

"काढला ना?"

"नाही सर. काल मी खोटं बोलले. ते माझे वडील आहेत. फोटो राहणार."

"मग जमणार नाही."

"मलाही नाही."

खुर्ची मागे सारली आणि उठले. त्या वर्षी छाटणीला गेले. बोटं सोलवटली. पण अर्ज करणं मी सोडलं नाही. तेव्हापासून प्रत्येक अर्जावर प्रोफाइलचा पत्ता मीच लिहिते, नावाच्या खालीच, ठळक अक्षरात. बघायचं ते आधीच बघा. ज्याला माझा बाप खटकतो, त्यानं मला बोलावूच नये.