आप्पांसमोरचा पाण्याचा ग्लास

दिवाळीपासून आप्पांचं एकच उत्तर होतं, बघू. माझ्याच ऑफिसातला मुलगा, पुण्याचा, जात दुसरी. लग्न करीन तर त्याच्याशीच, असं मी वडिलांना सरळ सांगून टाकलं होतं. ते रागावले नाहीत आणि हो पण म्हणाले नाहीत. नुसतं बघू. माणसानं एकदाचं भांडून तरी घ्यावं!

मग तो आईवडिलांना घेऊन गाडीनं हैदराबादला निघाला, वाटेत सोलापुरात जेवायला थांबणार होते. तिथंच भेटू, असं ठरलं. मी आप्पांना घेऊन अक्कलकोटहून एसटीनं आले.

सात रस्त्याजवळचं ते थाई आणि व्हिएतनामी हॉटेल त्याच्या आईनं मोबाइलवर शोधलेलं. एवढ्या खानावळी सोडून हे काय काढलं बाईनं, म्हणून मी वाटभर धुमसत होते. दारावर मोठ्या अक्षरांत शुद्ध शाकाहारी लिहिलं होतं. आप्पांनी ते नीट वाचलं, मग चपला कुठं काढायच्या ते विचारलं. काढायच्या नसतात, असं मी जरा तोडूनच म्हणाले.

खरी धास्ती वेगळीच होती. आम्ही लिंगायत, आमच्यात जेवण म्हणजे प्रसाद. आप्पा ताटात शीतसुद्धा ठेवत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी ओततात, बोटानं फिरवतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. लग्नाच्या पंगतीत, पाहुण्यांकडं, कुठंही. घरी मला त्यात कधी काही वाटलं नाही. पण या लोकांसमोर? ते काय म्हणतील? आणि त्यांच्या तोंडावर जरा जरी काही दिसलं, तर आप्पांचं बघू तिथंच संपणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तांदळाच्या पातळ पापडीत गुंडाळलेल्या कच्च्या भाज्या आल्या, सोबत शेंगदाण्याची गोडसर पातळ चटणी. ती चाखून आप्पा म्हणाले, हे तिखट घालायला विसरलेत. त्याचे वडील मनापासून हसले. मग प्रत्येकाला वाडगाभर रस्सा, त्यात तांदळाच्या शेवया. आप्पांनी काड्या बाजूला सारून चमचा मागून घेतला. त्याची आई आमच्या दुकानाचं विचारत होती, आप्पा सांगत होते, पण माझं लक्ष होतं कुठं? वाढप्यानं आप्पांचा ग्लास भरला आणि माझी नजर त्यावरच खिळली.

सगळ्यांनी थोडं थोडं टाकलं. आप्पांचा वाडगा मात्र लख्ख, एक शेवई तेवढी काठाला चिकटलेली. ती त्यांनी बोटानं काढून खाल्ली. मग ग्लास उचलला. त्यांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि वाडगा हळूच पुढं सरकवला. वाढपी तो घेऊन गेला.

सुटले, असं वाटलं खरं. पण पुढच्याच क्षणाला जिवाला कसंसंच झालं. बडीशेपही गोड लागेना.

त्यांची गाडी निघून गेली. आम्ही स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो. मला काही राहवेना. शेवटी विचारलंच, "आप्पा, काय ठरवलंत?"

ते फलाटाकडंच बघत होते. "पोरगं बरं हाय की. मानसंबी बरी हायती." मग म्हणाले, "आज तू सारकी माज्या पान्याच्या ग्लासाकडं बगत हुतीस. म्हनून ऱ्हाऊ दिलं."

मला मान वर करवेना.

"पन लगीन झाल्यावर तुमच्या दोगांच्या घरी जेवाय आलो, की ताट धुऊन पिनार. तवा असं बगायचं न्हाय."

मी व्हय म्हणाले. एसटी लागली. पिशवीतली पाण्याची बाटली काढून मी त्यांच्या हातात दिली.