तिसरं नाव

नर्सिंगच्या प्रवेशअर्जाची वेबसाइट आमच्या कंपनीची. मी सेलूला घरी बसून तिचं काम बघते. शेवटच्या दिवशी दुपारी अल्लीपूरच्या ऑनलाइन सेंटरवाल्याचा फोन आला. "ताई, एका पोरीचा फॉर्म काऊन होऊन नाई राह्यला? सकाळपासून बसून आहे ते." पाच वाजता अर्ज बंद होणार होते. स्क्रीनवर एकच वाक्य येत होतं: काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा.

काय चुकलं ते सांगा ना! पण सॉफ्टवेअर आपोआप ठेवतं त्या नोंदीतही काही नव्हतं. आमच्या साहेबांचं फर्मान होतं की एरर कुठेही दिसता कामा नये. लोकांपासून लपवा, समजू शकते. ज्यांनी दुरुस्त करायची त्यांच्यापासूनही? माझं डोकं सणकलं. कुणाला न विचारता एरर लपवणारं ते झाकण काढून टाकलं आणि सेंटरवाल्याला म्हटलं, आता तिला पुन्हा बटण दाबायला सांगा.

बॅकट्रेस आला. चूक कुठे झाली, तिथपर्यंत प्रोग्रामच्या कोणत्या भागानं कोणत्या भागाला बोलावलं, याची ओळीनं यादी. बहुतेक ओळी तयार सॉफ्टवेअरच्या असतात, आपली फाइल शोधायची. साहेबांना मनातल्या मनात शिव्या घालत मी खाली सरकत होते. सापडली. पूर्ण नावाचे तुकडे कर, तिसरा तुकडा आडनाव म्हणून घे. ओळ माझी होती.

स्वतःचं, बापाचं, आडनाव. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तपासलं तेही माझंच नाव टाकून. पोरीनं लिहिलं होतं स्वतःचं नाव आणि आईचं. बस्स. तिसरा तुकडा नव्हताच.

"म्या म्हनलं तिले, टाकून दे बापाचं नाव," सेंटरवाला म्हणाला. "आयकूनच नाई राह्यली."

मागून तिचा आवाज आला, "तो सोडून गेलता आमाले. मायनं वाढवलं. काऊन लिहू त्याचं नाव?"

मी ओळ बदलली. पाचच्या आत तिचा अर्ज गेला. स्वतःचा इतका संताप आला होता की मी सेंटरवाल्यावरच ओरडले, भलतं काहीतरी सांगू नका पोरींना.

"मंग का करू, ताई? काल अशाच दोघी आल्या होत्या. रडल्या, पन टाकलं बापाचं नाव. झाला ना त्यायचा फॉर्म!"

मी नोंदी उघडल्या. त्या दोघींचा बॅकट्रेस कुठेच नव्हता. माझ्या सॉफ्टवेअरच्या लेखी त्यांच्या बाबतीत काहीच चुकलं नव्हतं.