औषधाच्या दुकानामागचा ओटा

आमच्या इमारतीच्या कमिटीकडून ते पत्र कधी आलंच नव्हतं. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. त्या न आलेल्या पत्रापायी ब्लॅकटाउन या उपनगरातल्या एका औषधाच्या दुकानामागे बसायची एक जागा उभी राहिली. तिथे आज दहा-बारा माणसं नेमाने येतात आणि ती मी बांधली म्हणून माझं कौतुक करतात.

पहिल्यापासून सांगतो.

बायकोला नागीण झाली होती. पाठीपासून पोटापर्यंत एका बाजूने पट्टा. फोड महिन्याभरात सुकले, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. नुसता कुर्ता घासला तरी ती दचकायची. तिची वृद्धाश्रमातली नोकरी सुटली. वर्षभर गोळ्या बदलून झाल्यावर डॉक्टरने गांजाचं औषध लिहून दिलं. इथे ते प्रिस्क्रिप्शनवर रीतसर मिळतं. रोजचं तेल, आणि अचानक कळ उठली तर वाफ घ्यायला सुकी फुलं. ती तळहाताएवढ्या यंत्रात घालून ओढायची. तेलाचा गुण यायला तास-दीड तास, वाफेचा पाच मिनिटांत. पहिल्यांदा वाफ घेतली त्या दिवशी ती सोफ्याला टेकून बसली. वर्षभरात मी तिला टेकून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बाप्पा," ती म्हणाली, "मला पाठ आहे म्हणायची अजून."

ती नागपूरची. दुखण्यातही बोलणं सुटत नाही.

रविवारी आमच्या घरी बुद्धवंदना होते. पाच-सात कुटुंबं जमतात आणि नंतर लहान मुलांना पंचशील समजावून सांगायचं काम माझ्याकडे असतं. विद्यार्थी म्हणून या देशात आलो तेव्हापासून मी ते करत आलोय, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा ताठाही होता. त्या रविवारी पाचवं शील चाललं होतं, नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "अंकल, युअर हाउस स्मेल्स लाइक वीड."

मुलं खिदळली. तिच्या आईने तिला दटावलं. स्वयंपाकघरातून बायको हसत म्हणाली, "अगं, माझं औषध आहे ते. तुझ्या अंकलना विचार, त्यांना तर वासानेच चढते!"

सगळे हसले. मीही हसलो. पण माझे कान तापले होते. पडद्यांना वास आहे का, शेजारी काय म्हणत असतील, घरी जाताना गाडीत ही मंडळी काय बोलतील, रात्रभर हेच. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो आणि बूट काढता काढता म्हणालो, "स्ट्राटाचं पत्र आलंय." स्ट्राटा म्हणजे इमारतीची कमिटी. "कुणीतरी तक्रार केलीय. धूर, वाफ, काही चालणार नाही. घरात नाही, बाल्कनीतही नाही."

"औषध असलं तरी?"

"तसंच लिहिलंय."

"दाखव."

"ऑफिसच्या ईमेलवर आलंय."

घराची सगळी कागदपत्रं मीच बघतो. तिने पुन्हा विचारलं नाही. यंत्र पुसलं, डब्यात ठेवलं आणि म्हणाली, "मग आता रस्त्यावर बसू का?"

तसंच झालं. हे औषध घेऊन गाडी चालवणं इथे गुन्हा आहे, प्रिस्क्रिप्शन असलं तरी. त्यामुळे कामावरून आलो की मी तिला गाडीने न्यायचो आणि परत आणायचो. बागेत मुलं असतात, फुटपाथवर लोक बघतात. शेवटी औषधाच्या दुकानामागची मोकळी जागा बरी वाटली. तिथे कचऱ्याचे डबे आणि दुधाचे रिकामे क्रेट असत. ती क्रेटवर बसायची, मी भिंतीला टेकून उभा राहायचो.

दुकान आपाचं. आपा म्हणजे हैदराबादची साठीची फार्मासिस्ट. अख्ख्या गल्लीचा रक्तदाब आणि साखर तिला तोंडपाठ. एकदा खोकी टाकायला ती मागच्या दाराने बाहेर आली आणि बायकोला बघून तिथेच थांबली.

"क्या भाभी, मेरेच दुकान के पीछे चोरां के जैसा काय कू बैठे?"

बायकोने पत्राचं सांगितलं. आपाने हातातली खोकी खाली आपटली.

"ऐसा कैसा बोलते उनो? मैं लिखतूं चिट्ठी. डॉक्टर का लेटर बी लगातूं. भाईसाब, पता देव स्ट्राटा का."

तिने खिशातून पेन काढलं. मी त्या पेनाकडे बघत राहिलो. पत्र लिहिलं गेलं असतं तर तीन दिवसांत उत्तर आलं असतं, की आम्ही असं काही कळवलेलंच नाही. माझ्या तोंडून जे निघालं ते भीतीने निघालं, पण ऐकणाऱ्यांना ते मोठं मन वाटलं.

"आपा, चिट्ठी छोडो," मी म्हणालो. "एकीचा प्रश्न सुटेल. बाकीच्यांचं काय? तुमचे किती पेशंट गाडीत बसून घेतात? इधरच बैठने की जगह बनाते ना. मी बांधून देतो."

दुकानांची आतली लाकूडकामं करणाऱ्या कंपनीत मी अंदाजपत्रकं काढतो, त्यामुळे बोलणं पोकळ नव्हतं. आपाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या डब्यांकडे. तिच्याही मनात ते कधीपासून होतं. पाठीचा कणा मोडलेला एक म्हातारा ट्रकवाला तिच्या दुकानापुढच्या फुटपाथवर बसून औषध घ्यायचा आणि मग टॅक्सीची वाट बघत तासभर उन्हात भाजत राहायचा.

"भाभी," ती बायकोला म्हणाली, "तुमारा आदमी बोलता कम, सोचता बहोत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कौतुकाने. ती नजर मी अजून वागवतोय.

मागच्या कोठीची खोली करावी असं आधी ठरत होतं. पण चौकशी केल्यावर कळलं, बंद जागेत वाफ घ्यायची सोय करता येणार नाही. मग मी उघडी पडवी आखली. दुकानाची भिंत एका बाजूला, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या, वर पारदर्शक छप्पर, भिंतीला लांबलचक बाक, टेकायला उतार दिलेला. बाकाची उंची मी बायकोला सात वेळा उठवून-बसवून ठरवली. तिच्या दुखऱ्या बाजूला काही घासू नये म्हणून त्या टोकाला हात टेकायची दांडी ठेवली नाही. दर शनिवारी करवत घेऊन जायचो. आपा बिर्याणी आणायची आणि शेजारी उभी राहून चुका काढायची. परवानग्यांचे कागद तिनेच काउन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, खेटे घालून मिळवले.

दुकानाच्या मागच्या दारावर तिने पाटी लावली: ज्याचं प्रिस्क्रिप्शन त्यानेच बसावं, आपलं औषध दुसऱ्याला देऊ नये, गाडी चालवून घरी जायचं असेल तर इथे बसूच नये. वर मोठ्या अक्षरांत 'पेशंट लाउंज'. बायको म्हणाली, "लाउंज काहून? हा तर ओटा आहे." आणि तिथे सगळं ओट्यावरच्यासारखंच होऊ लागलं. ती थर्मासमधून चहा न्यायची, चिवडा न्यायची. ट्रकवाला चिवड्यातले दाणे तेवढे वेचून खायचा. "डार्ल, हे इंडियन कॉर्नफ्लेक्स भारी आहेत," त्याने तोंड भरून सांगितलं, त्याच्या इंग्रजीत. बायकोने डबा त्याच्या हातून काढून घेतला. "दाणे तू खा, पोहे माझ्या नवऱ्याला. हा कुठला न्याय?"

मला ती संध्याकाळची वेळ फार आवडायला लागली. औषधाने ती गुंगत वगैरे नव्हती. फक्त खांदे खाली यायचे आणि ती पूर्वीसारखी बोलायची. घरी आम्ही दोघं आपापल्या फोनमध्ये असायचो. तिथे तिने मला तिच्या वडिलांच्या सायकल दुकानाच्या गोष्टी सांगितल्या. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी मी त्या ऐकल्या नव्हत्या. एकदा ती म्हणाली, "बरं झालं रे ते पत्र आलं. नाहीतर आपण इथे कशाला आलो असतो?"

मी चहाचा कप धुवायला उठलो.

खोटं बोलायचं खरं कारण पुढे उरलंही नाही. एका रविवारी वंदनेनंतर तिने स्वतःच सगळ्यांना सांगितलं, मी कुठलं औषध घेते, कुठे घेते. मी जमिनीकडे बघत होतो. आमच्यातले सगळ्यात वडील काका म्हणाले, "पोरी, औषध घेणाऱ्याचं शील मोडत नाही." आणि ज्या मुलीने वासाचं विचारलं होतं, तिच्या आईने बायकोला बाजूला नेऊन डॉक्टरचा नंबर घेतला, स्वतःच्या अर्धशिशीसाठी. ज्या लोकांच्या नजरेची मी धास्ती घेतली होती, त्यांना काहीच वाटलेलं नव्हतं. लाज माझी एकट्याची होती. त्याच रात्री बोलता आलं असतं. पण आता नुसतं खोटं राहिलं नव्हतं, त्यावर एक ओटा बांधला गेला होता आणि त्यावर माणसं बसली होती.

आणि रविवारी दुकान बंद असतं, मागच्या आवारालाही कुलूप.

हे लिहायला मी इतका वेळ लावला. रविवारी कळ उठली की ती ओठ आवळून पाहुण्यांना चहा द्यायची. इस्टरला चार दिवस सलग सुट्टी आली. तिसऱ्या दिवशी ती न्हाणीघरात टाइल्सना गाल लावून उभी होती. यंत्र कपाटात, चार पावलांवर. मी गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात उभा.

"घे ना आज," मी म्हणालो. "कुणाला कळतंय?"

"नको. पुन्हा पत्र आलं तर तुलाच निस्तरावं लागेल. मंगळवारी जाऊ."

मी पिशवी तिच्या पाठीला धरून उभा राहिलो. पाणी गार झालं. मी ती पुन्हा भरून आणली.

आता पुढच्या महिन्यात इमारतीची वार्षिक सभा आहे. ती स्वतः जाऊन बोलणार आहे. डॉक्टरचं पत्र आणलंय, आपाने दुसरं दिलंय. काय बोलायचं ते वहीत लिहून काढलंय आणि रोज जेवताना मला म्हणून दाखवते. सुरुवात अशी आहे: "तुम्ही आम्हाला पाठवलेल्या पत्राबद्दल मला राग नाही." काल तिने विचारलं, "राग नाही म्हणू की तक्रार नाही म्हणू?"

"तक्रार नाही," मी म्हणालो.

तिने खोडून तसं लिहिलं.

त्या सभेत तिला खोटं पडू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय. त्याआधी सांगायला हवं, आणि हे लिहिलेलं तिच्या हातात देऊन नाही, तोंडाने, समोर बसून. आपाच्या ओट्यावर नाही, आमच्या घरात. चौदा महिने तिला तिच्या घरात औषध घेण्यापासून कुणीही अडवलं नव्हतं, माझ्याशिवाय. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते सांगणं मी तिचं देणं लागतो.